शब्द राहतो कोठे?

(अभ्यासपाठ)

देवाचे नाव घेतल्यावाचून आपल्या घरांतील दिवस उगवत नाही आणि मावळतही नाही. नाव म्हणजे शब्दच होय. ज्या साधनावर आपण एवढा भार टाकतो, ते साधन मुळात काय आहे, ते असते कोठे, आणि ते असण्यासाठी कशाकशाची गरज लागते, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारीत नाही. आपल्या पूर्वसूरींनी तो विचारला आणि त्यावर शतकानुशतके वाद घातला. तो वाद केवळ शास्त्रीपंडितांचा नव्हे. तो आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आणि देव्हाऱ्यापर्यंत येऊन पोचतो, असे आम्हांस वाटते. म्हणून तो ह्या पाठात सभासद कुटुंबांपुढे मांडीत आहोत. वडीलधाऱ्यांनी तो मुलांस वाचून दाखवावा आणि अडेल तेथे थांबून त्यावर बोलावे, अशी विनंती आहे.

१. रस्त्यावरचे नाव

दृष्टांत नेहमी जवळचा घ्यावा. हुबळीत राहणाऱ्यांस 'लॅमिंग्टन रोड' ह्या नावाहून जवळचा दृष्टांत कोणता? आपण हे नाव रिक्षावाल्यास सांगतो, पाकिटावरील पत्त्यात लिहितो, पाहुण्यांस खूण म्हणून देतो. पण हा 'लॅमिंग्टन' कोण, असे विचारले तर दहांतील नऊजण गप्प राहतील.

लॅमिंग्टन हे मूळचे स्कॉटलंडमधील एका लहान गावाचे नाव. त्या गावावरून एका सरदार घराण्यास किताब मिळाला. त्या घराण्यातील दुसरे लॉर्ड लॅमिंग्टन आधी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांताचे गव्हर्नर होते आणि पुढे १९०३ ते १९०७ ह्या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले. हुबळी तेव्हा मुंबई इलाख्यात होती. त्यांचे नाव येथील रस्त्यास मिळाले तसे मुंबईतील रस्त्यासही मिळाले, आणि ऑस्ट्रेलियात तर खोबऱ्याचा कीस लावलेल्या एका गोड पदार्थास आजही 'लॅमिंग्टन' म्हणतात. १३ मार्च १९४० रोजी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंगांनी मायकेल ओड्वायरवर गोळ्या झाडल्या, तेव्हा व्यासपीठावर हेच लॅमिंग्टन जखमी झाले होते. त्याच वर्षी ते वारले.

आता पाहा. मनुष्य गेला, त्याचे राज्य गेले, इलाखाही गेला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हुबळी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आली आणि १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. मुंबईच्या रस्त्यास डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे अधिकृत नाव मिळाले, तरी विजेची उपकरणे आणावयास निघालेला मुंबईकर 'लॅमिंग्टन रोडला जातो' असेच म्हणतो. ज्याचे नाव होते तो नाही, त्याची आठवण नाही, मुंबईत तर अधिकृत फलकही नाही. तरी शब्द आहे. मग तो कशाच्या आधाराने आहे?

२. शब्द कोणता नव्हे

हाच प्रश्न इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास पतंजलींनी आपल्या महाभाष्याच्या आरंभी घातला आहे. त्यांनी दृष्टांत घेतला गाईचा. 'गाय' असे आपण म्हणतो तेव्हा त्यात शब्द कोणता? पोळी लोंबणारा, शेपूट, वशिंड, खूर आणि शिंगे असलेला तो प्राणी म्हणजे शब्द काय? नव्हे, ते द्रव्य झाले. तिचे चालणे, डोळे मिटणे? ती क्रिया. तिचा पांढरा वा तांबूस रंग? तो गुण. मग एक गाय मेली तरी दुसरीत राहणारे असे जे सर्व गाईंत समान आहे ते? ती जाती किंवा आकृती. ह्यांपैकी काहीच शब्द नव्हे. जे प्रकट झाले असता त्या पोळीवाल्या, शिंगेवाल्या प्राण्याचे ज्ञान होते, तो शब्द, असे ते सांगतात. लगेच लोकांची समजूतही नोंदवितात: ज्या ध्वनीपासून अर्थ कळतो त्यास लोक शब्द म्हणतात. महामहोपाध्याय वासुदेवशास्त्री अभ्यंकर ह्यांनी ह्या ग्रंथाचे मराठी भाषांतर करून ठेवले आहे. संस्कृत न येणाऱ्यानेही त्याचे पहिले आह्निक वाचावे.

तर शब्द म्हणजे वस्तू नव्हे, हे कळले. मग शब्द म्हणजे आवाज काय? आजोबांचा 'राम' घोगऱ्या आवाजाचा आणि नातीचा 'राम' चिमण्या आवाजाचा. दोन आवाज सारखे मुळीच नाहीत, तरी दोघांनी एकच नाव घेतले, ह्याविषयी कोणास शंका येत नाही. मग अक्षरे म्हणावीत तर आपल्या रस्त्याच्या फलकावर कानडी अक्षरे आहेत, इंग्रजी अक्षरे आहेत, आणि ह्या पत्रिकेत तेच नाव देवनागरीत छापले आहे. लिप्या तीन, शब्द एक. शिवाय बोलताना आणखी एक अडचण येते. 'कमळ' म्हणताना 'म' उच्चारला जातो तेव्हा 'क' नाहीसा झालेला असतो आणि 'ळ' यावयाचा असतो. तिन्ही अक्षरे एका क्षणी एकत्र कधीच नसतात. जे कधी एकत्र नसते ते मिळून अर्थ कसा सांगणार?

इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या भर्तृहरींनी वाक्यपदीयात ह्यास उत्तर दिले ते स्फोटाचे. ऐकू येणारे ध्वनी एकामागून एक येतात आणि जातात. परंतु त्यांच्या योगाने श्रोत्याच्या बुद्धीत एक अखंड शब्द उघडतो, जसे फूल उमलावे तसा. तो ध्वनीने घडत नाही, प्रकट मात्र होतो. वाणीच्या पश्यंती, मध्यमा आणि वैखरी ह्या पायऱ्याही त्यांनीच विस्ताराने सांगितल्या. परा ही चौथी पायरी पुढील आचार्यांनी जोडली. जिभेवर येते ती वैखरी. तिच्या मागे मनात जुळलेली मध्यमा, आणि तिच्याही मागे, जेथे शब्द आणि अर्थ वेगळे झालेलेच नाहीत अशी पश्यंती.

३. नित्य की केलेला?

येथून पुढे दोन पक्ष पडले आणि दोन्ही पक्षांत मोठमोठे आचार्य आहेत.

मीमांसक म्हणतात, शब्द नित्य आहे. शबरस्वामींची एक युक्ती फार साधी आहे. एखाद्याने 'गाय' हा शब्द आठ वेळा उच्चारला तर लोक काय म्हणतात? 'गाय हा शब्द आठदा उच्चारला' असे म्हणतात. 'आठ गाय-शब्द झाले' असे कोणी म्हणत नाही. म्हणजे लोकांच्या अनुभवात शब्द एकच आहे, उच्चार अनेक आहेत. दुसरी युक्ती अधिक खोल आहे. शब्द आणि अर्थ ह्यांची गाठ कोणी एका दिवशी बसून बांधली, असे समजू. पण 'ह्या प्राण्यास गाय म्हणावयाचे' हे सांगावयास तरी आधी काही शब्द हवेत. ते शब्द कोणी ठरविले? त्यांच्या आधीचे? ह्या मागे जाण्यास अंत नाही. म्हणून शब्दार्थसंबंध कोणी केलेला नाही, तो आपणांस असलेलाच मिळतो.

नैयायिक ह्यास मान डोलावीत नाहीत. ते म्हणतात, शब्द म्हणजे ध्वनी, आणि ध्वनी उत्पन्न होतो व नाश पावतो. पाण्यात खडा टाकला असता लाटेमागून लाट उठत काठाशी येते, तसा ध्वनीमागून ध्वनी उत्पन्न होत कानाशी येतो. तो नित्य असता तर अखंड ऐकू आला असता. अमुक ध्वनीने अमुक अर्थ समजावा हा संकेत आहे, आणि संकेत इच्छेने ठरतो. प्राचीन नैयायिकांनी तो ईश्वराच्या इच्छेवर सोपविला. नव्यांनी मनुष्याच्या इच्छेसही तेथे जागा दिली.

पाश्चात्य तत्त्वज्ञांसही हा पेच पुढे पडला. चार्ल्स पर्स ह्या अमेरिकन विचारवंताने १९०६ मध्ये असा भेद मांडला, की पानावर एक शब्द वीस वेळा छापला असेल तर एका अर्थाने शब्द वीस आहेत आणि एका अर्थाने एकच. शबरस्वामींची आठ उच्चारांची गोष्ट आणि ही गोष्ट एकाच वाटेवरच्या आहेत. १९९० मध्ये डेव्हिड कॅप्लन ह्यांनी त्यापुढे जाऊन म्हटले, की एका शब्दाच्या दोन उच्चारांस 'एक' करणारी गोष्ट त्यांचे सारखेपण नव्हे, तर त्यांची वंशपरंपरा. मी तुमच्याकडून नाव ऐकले आणि पुढे सांगितले, म्हणून ते एकच नाव. मग माझा उच्चार तुमच्याहून कितीही वेगळा का असेना.

आमच्या अल्पमतीस असे दिसते, की हे दोन पक्ष वाटतात तितके एकमेकांविरुद्ध नाहीत. प्रत्येक उच्चार क्षणभंगुर, हे नैयायिकांचे खरे. पण ज्यास आपण 'तोच शब्द' म्हणून ओळखतो तो कोणा एकाच्या हाताने घडत नाही, हे मीमांसकांचे खरे. पतंजलींनी नित्याचा एक सौम्य अर्थही दिला आहे: ज्याचे स्वत्व पालटत नाही ते नित्य. पुढील वैयाकरणांनी त्यास प्रवाहनित्यता म्हटले. नदीचे पाणी प्रत्येक क्षणी नवे, नदी मात्र तीच. शब्दाचे असणे असे आहे. पण नदी वाहती राहते ती वरून पाणी येते तोवर. ही अट विसरू नये.

४. कुंभाराचे घर

पतंजलींचा आणखी एक दृष्टांत पाहू. ज्यास घड्याचे काम पडते तो कुंभाराच्या घरी जातो आणि 'मला घडा करून दे' असे सांगतो. पण ज्यास शब्द वापरावयाचे असतात तो वैयाकरणाच्या घरी जाऊन 'मला शब्द करून दे' असे म्हणत नाही.

मग नवे शब्द घडत नाहीत काय? घडतात, आणि घडविणारेही असतात. महाराष्ट्राच्या इतिहासात ह्याचे मोठे उदाहरण आहे. शिवाजीमहाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंडितांनी राज्यव्यवहारकोश सिद्ध केला आणि कारभारातील सुमारे चौदाशे फारसी-अरबी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले. १६७४ मधील राज्याभिषेकाच्या वेळी प्रधानांचीही नावे बदलली: पेशव्याचे मुख्य प्रधान, मुजुमदाराचे अमात्य, सुरनिसाचे सचिव, वाकनिसाचे मंत्री, सरनोबताचे सेनापती, डबिराचे सुमंत. आज्ञा राजाची, कोश पंडिताचा. ह्याहून बळकट आधार शब्दास कोणता मिळावयाचा?

तरी पुढे काय झाले? 'सेनापती' रुजला. 'अमात्य' आणि 'सचिव' घराण्यांच्या नावांत टिकले. बावड्याचे पंत अमात्य आणि भोरचे पंत सचिव आपणांस ठाऊक आहेत. पण 'पेशवा' हा फारसी शब्द काही गेला नाही. पुढे तर सबंध एका शतकास त्याचे नाव पडले. आणि कागद, दुकान, जमीन, रस्ता हे परके शब्द आज मराठी मनुष्यास परके वाटतही नाहीत. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीसाठी अनेक शब्द सुचविले. त्यांतील 'दिनांक', 'क्रमांक' आणि 'महापौर' आपण सहज वापरतो. 'दूरध्वनी' मात्र बहुधा कागदावर राहिला आणि तोंडात 'फोन' बसला.

ह्यावरून बोध इतका, की घडविणारा शब्द पुढे करू शकतो, त्यास जिवंत करू शकत नाही. लोकांनी तो एकमेकांस देऊ-घेऊ लागावे, तेव्हाच तो शब्द होतो. ह्याच्या उलट बाजूने लॅमिंग्टन रोडचे उदाहरण पुन्हा पाहावे. जी देवघेव चालू आहे ती अधिकृत फलक बदलल्याने थांबत नाही.

५. प्रयोगाचा प्रांत मोठा आहे

एक शंका राहते. शब्द जर वापराने असतो, तर जो वापरात दिसत नाही तो नाहीच असे म्हणावे काय?

महाभाष्यात हीच शंका घेतली आहे. शंका घेणारा म्हणतो, व्याकरणाने सिद्ध होणारी ऊष, तेर, चक्र, पेच अशी काही क्रियापदरूपे कोणी वापरीत नाही. त्यावर उत्तर थोडे मिस्कील आहे. शब्द 'आहे' म्हणावयाचे आणि 'वापरात नाही' असेही म्हणावयाचे, हे जुळत नाही. शिवाय तो वापरात नाही हे सांगताना तू स्वतःच तो वापरलास! मग गंभीर उत्तर येते. शब्दांच्या वापराचा प्रांत फार विस्तीर्ण आहे. तो सारा न धुंडाळता 'हा शब्द नाही' असे म्हणणे हे केवळ धाडस होय. कंबोज देशात 'शवति' हे जाण्याच्या अर्थी क्रियापद आहे. आर्यांच्या बोलण्यात मात्र त्याच धातूचा 'शव', म्हणजे प्रेत, एवढाच वापर उरला आहे. आणि ज्या रूपांस शंकाकाराने अप्रयुक्त म्हटले होते तीच वेदात सापडतात, असे शेवटी दाखविले आहे.

आपल्या सीमेवरच्या गावांत ह्या विस्तीर्ण प्रांताचा रोज अनुभव येतो. देवापुढे निरांजनात आपण तूप घालतो ते 'तूप' कानडीतील 'तुप्प'. सुपारीस कानडीत 'अडिके' म्हणतात, त्यावरून आपला 'अडकित्ता'. 'अण्णा' आणि 'अक्का' तर आपण घरच्या माणसांस देऊन टाकले. उलट धारवाडकडचा कानडी बोलणारा 'बरोब्बरि' म्हणतो, तो आपला 'बरोबर'. शब्द देताना देणाऱ्याचे काही कमी होत नाही. घेणाराही ऋणी दिसत नाही. ज्या गावात दोन भाषा शेजारी नांदतात तेथे ही देवघेव भिंतीपलीकडून वाटी द्यावी तशी चालते.

कधी शब्द तोच राहतो आणि अर्थ वाट बदलतो. आपल्या मराठीत 'मंत्री' राज्य चालवितो आणि 'सचिव' त्याच्या कचेरीतील अधिकारी असतो. येथील कानडी वर्तमानपत्रात 'सचिव' म्हणजे मंत्रीच. मराठीत 'अवसर' म्हणजे संधी, कानडीत घाई. कुळ एक, संसार दोन. आणि आपल्या गावाचे नाव? फुलवेलीवरून 'हुब्बळ्ळी' अशी त्याची फोड सांगतात. जुन्या कानडीतील शब्दारंभीचा 'प' पुढे 'ह' झाला, म्हणून तमिळ 'पू' तेथे कानडी 'हू', म्हणजे फूल. मराठी जिभेने त्याची 'हुबळी' केली. इंग्रजांच्या कागदांत 'हुबली' झाली. १ नोव्हेंबर २०१४ पासून 'हुब्बळ्ळी' हेच अधिकृत नाव आहे. ही तीन नावे म्हणावीत की एक? परंपरेचा धागा एक आहे म्हणून नाव एक, असे आम्ही म्हणू. म्हणणाऱ्याने कोणत्याही रूपात म्हटले तरी ऐकणारा त्याच गावी पोचतो.

६. निजलेले शब्द आणि गेलेले शब्द

आता प्रश्नाची कठीण बाजू घेऊ. देवघेव थांबली तर शब्दाचे काय होते?

अशोकाच्या स्तंभांवर ब्राह्मी अक्षरे कोरलेली होती. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने असे दोन स्तंभ दिल्लीस आणविले, तेव्हा ती अक्षरे वाचणारा कोणी सापडला नाही. दगड होता, रेघा होत्या, शब्द मात्र कोणापाशी उघडत नव्हता. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप ह्यांनी ब्राह्मी लिपी उलगडली आणि ते शब्द पुन्हा बोलू लागले. १९१५ मध्ये आपल्याच राज्यातील रायचूर जिल्ह्यात मस्की येथे जो शिलालेख सापडला त्यात 'अशोक' हे नाव स्पष्ट आढळले, आणि 'देवांचा प्रिय' म्हणविणारा राजा तो हाच, ह्याविषयी शंका उरली नाही.

श्रवणबेळगोळ येथे बाहुबलीच्या पायांपाशी चावुंडरायाने मूर्ती करविली हे तीन भाषांत कोरले आहे. कानडीत 'माडिसिदं', तमिळमध्ये 'सेय्वित्तान' आणि मराठीत 'करवियलें'. क्रिया एक, शब्द तीन, आणि तिन्ही आजही समजतात. आज आपण 'करविले' म्हणतो. शेकडो वर्षांच्या अंतरावरून तो शब्द आपणांस ओळख देतो, कारण मधल्या प्रत्येक पिढीने तो पुढच्या पिढीच्या हाती दिला.

अशोकाचे शब्द निजले होते, कारण त्यांच्या भाषेचे नात्यागोत्याचे शब्द संस्कृत-पाली-प्राकृतांत जागे होते. वाचणारा त्या नात्याचा हात धरून तेथवर गेला. सिंधुखोऱ्यातील मुद्रांवरच्या खुणा अद्याप निर्विवादपणे वाचता आलेल्या नाहीत, कारण तसा धरावयास हात सापडलेला नाही.

आणि काही शब्द जातात ते आपल्या डोळ्यांदेखत. अंदमान बेटांतील 'बो' भाषा बोलणाऱ्या शेवटच्या व्यक्ती बोआ सीनियर जानेवारी २०१० मध्ये वारल्या. त्यांच्या अखेरच्या वर्षांत त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलू शकेल असे कोणी उरले नव्हते. भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी ह्यांनी त्यांचे बोलणे मुद्रित केले, हे मोठे पुण्यकर्म झाले. तो साठा आहे, आणि बी जपून ठेवावे तशी त्याची योग्यता आहे. पण बी म्हणजे पीक नव्हे. ज्या दिवशी ऐकणारे दुसरे माणूस उरले नाही, त्याच दिवशी त्या भाषेतील शब्दांचा संसार संपला होता. बोलणाऱ्याचे निधन पुढे झाले, एवढेच.

म्हणून शब्दास असण्यासाठी तीन गोष्टी लागतात, असे आम्ही समजतो: समजून उच्चारणारा, समजून घेणारा, आणि दोघांस जोडणारी परंपरा. कोश, शिलालेख आणि ध्वनिमुद्रिका ह्या चौथ्या स्थानी. त्यांनी परंपरेस आधार मिळतो, परंपरेची जागा त्यांनी भरून निघत नाही.

७. देव्हाऱ्यापुढे

आता हे सारे घरी आणू.

मीमांसकांनी मूल शब्द कसे शिकते हे सांगितले आहे. घरातील वडील माणूस दुसऱ्यास म्हणते, 'गाय आण'. तो गाय आणतो. मग म्हणते, 'गाय बांध, घोडा आण'. मूल बाजूस बसून पाहते आणि कोणता शब्द बदलला म्हणजे कोणती वस्तू वा कृती बदलते हे ताडते. ह्यास त्यांनी वृद्धव्यवहार म्हटले आहे. कोणी त्यास शिकवीत नाही, मोठ्यांच्या आपसांतील बोलण्यातूनच ते उचलते. म्हणजे मोठी माणसे आपसांत जे बोलतात तेवढेच मुलास मिळते.

आपल्या मुलांची शाळा कानडीची किंवा इंग्रजीची आहे, आणि ते योग्यच आहे. ज्या भूमीचे अन्न खातो तिची भाषा नीट यावी, हे कर्तव्यच होय. परंतु त्यामुळे मराठी शब्दांस राहावयास येथे बहुधा घर हीच एक जागा उरते. शाळा, कचेरी, बाजार ह्यांपैकी कोणी त्यांची निगा राखणार नाही.

जाते, रोवळी, पाटा-वरवंटा अशा वस्तू घरांतून गेल्या आणि त्यांबरोबर त्यांचे शब्दही निघाले. हे दुःखाचे असले तरी समजण्यासारखे आहे. पण ताम्हण, पळी, पंचपात्र, सहाण, समई, निरांजन, निर्माल्य ह्यांचे तसे नाही. वस्तू देव्हाऱ्यात रोज हाताळल्या जातात, आणि तरी 'ती ताटली दे', 'तो दगड धू', 'कालची फुले टाक' असे बोलून आपण काम भागवितो. काम भागते, हे खरे. पण निर्माल्य म्हणजे नुसती कालची फुले नव्हेत. देवास वाहून उतरविलेली, म्हणून पायदळी न जाऊ द्यावयाची, अशी ती फुले असतात. हा सारा विवेक त्या एका शब्दात साठविलेला आहे. शब्द गेला की फुले राहतात आणि विवेक जातो. मुलास मग तो वेगळा समजावून सांगावा लागतो, आणि तेवढी सवड कोणास असते?

येथे एक खबरदारी घ्यावी. शब्द जपणे म्हणजे परक्या शब्दांस हाकलणे नव्हे. तूप मूळचे कानडी म्हणून निरांजन विझवावयाचे नाही, आणि शिधा घ्यावयास 'दुकानात' जातो म्हणून जीभ विटाळत नाही. शब्द येत राहतील. जे आपल्यापाशी आहेत ते आपल्या हातून खाली पडू नयेत, इतकेच पाहावयाचे. तसेच अर्थावाचून नुसते पाठांतर करूनही भागत नाही. अर्थ न जाणता वेद पठण करणाऱ्यास यास्काचार्यांच्या निरुक्तात भार वाहणाऱ्या खांबाची उपमा आली आहे. आरती मुखोद्गत आहे पण तिच्यातील चार शब्दांचा अर्थ विचारला तर घरात कोणास सांगता येत नाही, अशी अवस्था असेल तर त्या खांबाकडे एकदा पाहावे.

शब्दाचा महिमा गाताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. ज्ञानेश्वरमहाराजांनी अमृतानुभवाचे सहावे प्रकरण शब्दखंडनासाठीच लिहिले. त्याच्या आरंभी ते शब्दाची थोरवी सांगतात: तो आठवण करून देणारा आहे, निराकारास दाखविणारा आरसा आहे, आणि ज्यास दिसत नाही त्यासही दाखवितो असा हा आगळा आरसा आहे. त्यानंतर मात्र ते सिद्ध करतात, की जे स्वयंप्रकाश आहे त्यास प्रकट करण्याचे श्रेय शब्दाने घेऊ नये. सूर्य पाहावयास दिवा लागत नाही. पण हे म्हणण्याचा अधिकार त्यांस होता, कारण त्यांनी आधी शब्दाचा आरसा घासून लख्ख केला होता. आपण अद्याप घासण्याच्या पायरीवर आहो. तेथे आळस करून 'शेवटी शब्द मिथ्याच' असे म्हणणे आपणांस शोभणारे नाही.

स्वाध्याय

पुढील प्रश्नांचा विचार कुटुंबाने एकत्र बसून करावा.

१. आजीने, आईने आणि मुलाने एकच नाम एकेकदा घेतले. शब्द किती झाले? मीमांसक काय म्हणेल, नैयायिक काय म्हणेल?

२. ज्यास कोणी बोलत नाही परंतु जो कोशात आहे, असा शब्द 'आहे' म्हणावा की नाही? कारण द्यावे.

३. आपल्या घरातील कानडीतून आलेले पाच शब्द आणि शेजारच्या कानडी घरात मराठीतून गेलेले दोन शब्द शोधावेत. शेजाऱ्यांस विचारूनच शोधावेत.

४. देव्हाऱ्यातील प्रत्येक वस्तूचे नाव घरातील सर्वांत लहान मुलास येते काय, ते पाहावे. येत नसेल तर त्याची परीक्षा घेऊ नये. आठ दिवस मोठ्यांनी आपसांत बोलताना ते नाव न चुकता वापरावे आणि मग काय होते ते पाहावे.

५. घरातील वृद्धांपाशी असे काही शब्द असतात, की जे आता त्यांच्यावाचून कोणी बोलत नाही. असे दहा शब्द त्यांच्याकडून अर्थासह लिहून घ्यावेत, आणि लिहिलेला कागद कपाटात ठेवण्यापूर्वी त्यांतील एक तरी शब्द त्याच दिवशी, त्यांच्याच देखत, बोलण्यात आणावा. म्हणजे तो शब्द घेणारे कोणीतरी आहे, हे त्यांस कळेल.